पुलापलीकडचा रंधा

रेइनो कालिओला सुतारकाम येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. येतं की नाही हे तपासायची वेळच त्याने कधी कुणावर येऊ दिली नव्हती. हत्यारं मात्र त्याच्याकडे होती. पोलादाच्या कारखान्यात चौतीस वर्षं यंत्रं दुरुस्त करून तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या तळघरात अकरा करवती, सहा रंधे आणि पटाश्यांचे चार संच होते. शिकंजे तर इतके होते की अख्ख्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटवून वाळत ठेवता आली असती. यातली एकही वस्तू त्याने अलीकडे विकत घेतलेली नव्हती.

अलीकडे म्हणजे नदीच्या कॅनडाच्या काठाला. आमचं सू गाव या काठाला आणि त्याच नावाचं दुसरं सू पलीकडे, अमेरिकेत. मध्ये पूल. आमच्याकडे दोन माणसं भेटली की कसं काय चाललंय असं कुणी विचारत नाही, पलीकडून काय आणलंस असं विचारतात. कुणी चीज आणतो, कुणी कोंबड्या, कुणी टायर. पेट्रोल सगळेच आणतात. पुलाचा टोल भरायचा, पाऊण तास रांगेत इंजिन चालू ठेवायचं आणि स्वस्तातलं पेट्रोल टाकीत घालून, त्यातलं थोडं पुन्हा रांगेत जाळत, समाधानाने घरी यायचं.

या क्षेत्रात रेइनोचं नाव आदराने घेतलं जायचं. सकाळी डोनटच्या दुकानात निवृत्त मंडळी बसत, तिथे त्याचा शब्द शेवटचा असे. ब्रूनो झनाटा हा त्याचा कारखान्यातला जोडीदार. ब्रूनोने एकदा गावातल्याच दुकानातून ड्रिल घेतलं, तर रेइनो त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला, पण आजारी माणसाची चौकशी करावी तसं.

बचतीच्या हिशेबात रेइनो काही गोष्टी धरत नसे. टोल धरत नसे, कारण तो पुलाचा खर्च, हत्याराचा नव्हे. बाहेरचं जेवण धरत नसे, कारण माणूस घरी बसला तरी जेवतोच. आमचा डॉलर त्यांच्या डॉलरपुढे पंचाहत्तर सेंटांवर आला होता, तेही धरत नसे. ते त्याच्या मते हवामान होतं. आज बिघडलंय, उद्या निवळेल. एकदा त्याने पलीकडून देखणा पितळी रंधा आणला आणि पन्नास डॉलर वाचले म्हणून डोनटच्या दुकानात हातोहात फिरवला. ब्रूनोने तो उलटा करून पाहिला. तळाशी कोरलं होतं की हा ऑन्टारिओत बनला, म्हणजे आमच्याच प्रांतात. रंधा आपल्या पायाने पलीकडे गेला होता आणि रेइनोच्या मांडीवर बसून परत आला होता. रेइनो जराही न गडबडता म्हणाला की पलीकडे जाऊन आला म्हणूनच तर स्वस्त पडला. 

त्याची बायको मर्ना सेंट जोसेफ बेटावरची. तिथे तिच्या वडिलांचं मेपलचं रान होतं, दर वसंतात ते झाडांच्या रसाचा पाक काढत. एका वादळात रानातलं सगळ्यात जुनं झाड पडलं. म्हाताऱ्याने त्याच्या फळ्या पाडून घेतल्या, तीन वर्षं सावलीत सुकवल्या आणि लेकीच्या घरी आणून दिल्या. जावयाकडे एवढी हत्यारं आहेत तर याचं जेवणाचं मोठं टेबल होऊ दे, तुझी सगळी माणसं एका वेळी बसतील असं, एवढंच म्हणाला. पुढच्याच हिवाळ्यात तो गेला. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

एकोणीस वर्षं त्या फळ्या तळघराच्या भिंतीशी उभ्या होत्या आणि कालिओ कुटुंब स्वयंपाकघरातल्या चार माणसांच्या टेबलावर जेवत होतं. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मुलं आली की त्याला पत्ते खेळायचं टेबल जोडायचे. ते दीड इंच खाली होतं. टर्कीचा रस्सा नेमका त्या सांध्यावर लवंडायचा आणि जो कुणी तिथे बसलेला असेल तो उरलेलं जेवण मांडीवर फडकं घेऊन करायचा.

टेबल करणार नाही असं रेइनो कधीच म्हणाला नाही. आधी तो म्हणाला की धड करवत हवी. करवत आली. मग तिला शोभेल असा गुण्या हवा होता, मग शिकंजे, मग शिकंजे टांगायला चौकट, मग चौकट करण्यासाठी वेगळी करवत. प्रत्येक वेळी आता फक्त एवढंच राहिलंय असं तो सांगायचा आणि सांगताना त्याचा चेहरा इतका प्रामाणिक असायचा की मर्नाने पहिली सात-आठ वर्षं त्याच्यावर विश्वासही ठेवला.

त्या वर्षी मात्र तिन्ही मुलं एकदम येणार होती. थोरला अल्बर्टातून सहा वर्षांनी येत होता, बायको-पोरांसकट. मर्नाने एप्रिलमध्येच सांगून टाकलं, आवाज न चढवता. ऑक्टोबरमध्ये तिन्ही मुलं बाबांच्या लाकडाच्या टेबलाशी बसलेली मला बघायची आहेत. यंदा झालं नाही तर मी पुन्हा विचारणार नाही. शहाण्या माणसाला हे ऐकून घाम फुटला असता. रेइनोला हायसं वाटलं. यंदा झालं नाही तरी निदान पुढल्या वर्षीपासून कुणी विचारणार नाही, हे त्याला बरं वाटलं.

तरी तो कामाला लागला. म्हणजे चौकशीला लागला. फळ्या एका जाडीच्या करायला मोठं रंधा मशीन लागतं, आणि आता खरोखरच फक्त एवढंच राहिलं होतं. अलीकडे ते एकोणीसशे डॉलरला होतं. पलीकडे साडेअकराशेला. आमच्या डॉलरात ते पंधराशेच्या वर जात होते, पण हवामानाचं आपण मघाशी बोललो. खरी अडचण कराची होती. दोन रात्री पलीकडे राहून आलात तर माणशी आठशेपर्यंतच्या मालावर कर नाही, असा नियम आहे. माणूस एक आणि मशीन पंधराशेचं. उन्हाळाभर रेइनोने या कोड्यावर जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढीत चार टेबलं झाली असती.

उत्तर त्याला सप्टेंबरात सापडलं. मशीनचे दोन भाग करायचे. वरचं धड आपल्या नावावर, खालचा पाय आणि मोटर मर्नाच्या नावावर, दोन वेगळ्या पावत्या. त्याने मर्नाला सांगितलं की आपल्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, चल, दोन दिवस पलीकडे मोटेलात राहून येऊ. मर्नाच्या लक्षात यायला एक सेकंदही लागला नाही की नवऱ्याला ती नकोय, तिचे आठशे डॉलर हवेत, आणि ते तिच्याशिवाय मोटेलात राहू शकत नाहीत. तरीही ती लगेच हो म्हणाली. इथे रेइनोला संशय यायला हवा होता. पण स्वस्तात मिळालेल्या गोष्टीवर संशय घ्यायची त्याला सवय नव्हती.

मोटेल महामार्गाला लागून होतं आणि त्यात सकाळचा नाश्ता फुकट होता. रेइनोने तो दोन्ही दिवस इतक्या निष्ठेने केला की नाश्ता वाढणारी बाई त्याला नावाने ओळखू लागली. दुकानात पोराने मशीनच्या दोन पावत्या लिहून दिल्या. आमच्या सूचे लोक येऊन काय काय लिहून मागतात याची त्याला सवय होती. पिकअपच्या मागच्या बाजूला दोन खोकी चढली. मग उरलेला वेळ दोघं पलंगावर बसून हवामानाच्या बातम्या बघत राहिली. अठ्ठेचाळीस तास पूर्ण व्हायला अजून एक दिवस होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मर्ना म्हणाली की मला चाळीस मैलांवर एके ठिकाणी जायचंय. रेइनोने पेट्रोलचा काटा पाहिला, पण गाडी सुरू केली. चाळीस वर्षांच्या लग्नाला तेवढं करावं लागतं.

ती त्याला जुन्या रीतीने राहणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या वस्तीवर घेऊन गेली. घोडागाड्या, कुंपणावर वाळत घातलेले काळे झगे, आणि विजेची तार कुठेच नाही. मेनो ग्राबर नावाच्या सुताराच्या कोठारात एक टेबल उभं होतं. आठ फूट लांब, चार पाय, कसलीही नक्षी नाही. मेनो दाढी खाजवत बाजूला झाला. असं काही समोर आलं की रेइनो आधी खोट शोधायचा. त्याने वाकून सांधे पाहिले, खाचेत कूस कशी बसलीय ते नखाने चाचपलं, एका टोकाला डोळा लावून पृष्ठभाग सरळ आहे का बघितलं. खोट सापडली नाही. मग त्याने मशीन कुठलं वापरलं असं विचारलं. मेनो म्हणाला की मशीन नाही, हातरंधा. आजोबांचा आहे. किती दिवस लागले? गवत कापणीचे दिवस होते, त्यामुळे उशीर झाला, म्हणाला. सात आठवडे.

रेइनो टेबलावरून हात फिरवत राहिला. असं मेपल आता बघायला मिळत नाही, असं तो मर्नाला सांगू लागला. अशी लाट असलेलं झाड फार जुनं असतं, आता एवढी जुनी झाडं कुणी ठेवतच नाही. मग त्याने खालून पाहिलं. एका फळीच्या खालच्या अंगाला मेनोने टीचभर जागा न रंधता तशीच सोडली होती. तिथे निळ्या पेन्सिलने दोन आद्याक्षरं लिहिलेली होती. त्याच्या सासऱ्याची.

तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. मर्नाने सांगितलं ते थोडक्यात असं. जुलैत एका शनिवारी रेइनो पलीकडे शिकंज्यांच्या सेलला गेला होता. त्याच सकाळी तिचा भाऊ ग्लेन ट्रक घेऊन आला, दोघांनी फळ्या चढवल्या आणि रेइनोच्या मागून अर्ध्या तासाने तोच पूल ओलांडला.

"जुलैत," रेइनो म्हणाला. "म्हणजे दोन महिने माझ्या तळघरात त्या फळ्या नाहीत?"

"नाहीत."

"आणि मला..."

"तू रोज खाली जातोस. मी रोज वाट बघत होते, आज वर येऊन विचारशील."

भिंतीशी त्याच्या हत्यारांची खोकी इतकी साचली होती की मागे काही उरलंय की नाही हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं. मर्नाला हे कळत होतं. तरी तिला ते फार लागलं होतं, आणि तिने ते लपवलंही नाही.

मेनोने टेबलाचे पाय सोडवून दिले. वरची फळी गोधड्यांत गुंडाळून मशीनच्या खोक्यांशेजारी बसली. मर्नाने स्वतःच्या पर्समधून चारशे डॉलर मोजून दिले. रेइनोने किंमत ऐकली आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. घासाघीस करायची ती कशाची, हेच त्याला कळेना.

परतीच्या दिवशी पुलावर नेहमीसारखी रांग होती. खाली नदी, पुढे सत्तर गाड्या, मागे गोधडीतलं टेबल.  मग रेइनोने विचारलं की आता त्या मशीनवर रंधायचं काय.

"ते तुझं तू बघ," मर्ना म्हणाली. "तुला हवं होतं ना."

पाच-सहा गाड्या पुढे सरकल्या. रेइनो स्टिअरिंगकडे बघत बोलू लागला. हे बोलायला त्याला एकोणीस वर्षं लागली होती, आणि पुलावरून पळून जायला जागा नव्हती म्हणूनच कदाचित ते निघालं.

"मला भीती वाटायची, मर्ना. कारखान्यात पट्टी चुकीची कापली तर दुसरी मागवायची. तुझ्या बाबांच्या फळीवर पहिली करवत चुकली असती तर दुसरी कुठून आणणार होतो? म्हणून म्हटलं, आधी चांगली करवत आणू."

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तू धीर आणायला पुन्हा पलीकडेच गेला असतास. तिथे तो स्वस्त मिळतो का?" मर्ना खिडकीबाहेर बघत होती. "एकोणीस वर्षं मी तुझ्या भीतीला जेवायला वाढलं, रेइनो. आता मला पोरांना वाढायचंय."

 तो रडला असता, पण पुढची गाडी सरकली आणि मागचा हॉर्न वाजवू लागला.

तपासणीच्या खिडकीत शीना बसली होती. कारखान्यातल्या एका फोरमनची पोरगी. रेइनोला ती फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत होती आणि त्याच्या पिकअपच्या मागे काय काय येतं हेही तिला वडिलांपेक्षा जास्त माहीत होतं. किती वेळ पलीकडे होतात, असं तिने विचारलं. अठ्ठेचाळीस तास वीस मिनिटं, असं रेइनो म्हणाला, पण नेहमीच्या ऐटीत नाही. तिने दोन पावत्या पाहिल्या, मग खोकी पाहिली.

"धड तुमचं आणि पाय मिसेस कालिओंचा?" ती म्हणाली. "एका मशीनचे दोन मालक होत नाहीत, मिस्टर कालिओ. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे."

"होत नाहीत," रेइनो म्हणाला. "सगळं माझ्या नावावर लिही."

शीनाने चष्मा वर केला. या खिडकीत एवढ्या सहज हार मानलेला रेइनो कालिओ तिने पाहिला नव्हता. मग तिने गोधडीकडे बोट केलं. टेबल माझं, असं मर्ना म्हणाली, चारशे मजुरी दिली, लाकूड आमचंच, इकडचं. लाकूड जुलैत पलीकडे नेलं त्याचा कागद आहे का, असं शीनाने विचारलं. कागद नव्हता. कागद करून घ्यावा हे मर्नाला आणि ग्लेनला सुचलं नव्हतं, आणि ज्याला सुचलं असतं तो त्या दिवशी शिकंजे बघत होता.

शीना म्हणाली की कागद नसेल तर लाकूडही पलीकडूनच आलं असं धरावं लागतं. मग पूर्ण टेबलाची किंमत सांगा, म्हणजे मी लिहून घेते. आणि मिसेस कालिओंची सूट आठशेची आहे, हेही ती दोनदा म्हणाली. यापेक्षा उघड सांगणं तिला नोकरीत राहून शक्य नव्हतं. सातशे म्हणा आणि जा. गावातला कुणीही सातशेच म्हणाला असता. तीस वर्षं याच खिडकीत रेइनोने नव्या वस्तू जुन्या म्हणून, मोठ्या लहान म्हणून आणि चांगल्या मोडक्या म्हणून पार नेल्या होत्या. मर्ना त्याच्याकडे बघतही नव्हती. तो काय म्हणणार हे ती धरून चालली होती.

"तीन हजार," रेइनो म्हणाला.

"किती?"

"तीन हजार."

शीनाने पेन खाली ठेवलं. "मिस्टर कालिओ, त्यावर तुम्हाला आत जाऊन कर भरावा लागेल."

"माहीत आहे मला. हा नियम तू शाळेत होतीस तेव्हापासून मला पाठ आहे. तिच्या बाबांचं झाड आहे ते, आणि ज्याने केलंय त्याने हाताने केलंय. तीन हजार लिही, पोरी. त्याखाली एक सेंट लिहिलंस तर तुझ्या साहेबाकडे तक्रार करीन."

शीनाने लिहिलं. रेइनोने पिकअप बाजूला लावली आणि तो कचेरीच्या दाराकडे निघाला. मर्ना गाडीत थांबली नाही, तीही मागोमाग उतरली. आत चार माणसांची रांग होती. चौघंही कर कसा चुकीचा लावला यावर भांडत होती. रेइनोचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या माणसाने आकडा सांगितला आणि हरकत ऐकायला मान वर केली. रेइनोने पाकीट काढलं, नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजून कमी तर नाहीत ना हे बघितलं आणि पुढे सरकवल्या.

पावती त्याने सवयीने खिशात घालायला घेतली, पण मर्नाने ती मागून घेतली. तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली. त्यावर जेवणाचं टेबल, एक, मेपल, असं छापलेलं होतं आणि पुढे तीन हजार. घर येईपर्यंत तिने ती पर्समध्ये ठेवली नाही, हातातच धरून ठेवली.